प्रिझमचा पाठ: चित्र, आकडा आणि मधला हरवलेला प्रयोग

शालेय विज्ञानात विद्यार्थ्याला प्रिझम दोनदा भेटतो. पहिल्यांदा माध्यमिक शाळेत, प्रकाशाच्या अपस्करणाच्या पाठात. तेथे एक पांढरा किरण काचेच्या त्रिकोणात शिरतो आणि सात रंग होऊन बाहेर पडतो. दुसऱ्यांदा उच्च माध्यमिक वर्गाच्या प्रयोगवहीत. तेथे रंगांचा उल्लेखही नसतो. टाचण्या असतात, कोनमापक असतो, एक आलेख असतो आणि शेवटी ‘काचेचा अपवर्तनांक = १.५’ अशी एक ओळ असते. पहिल्या पाठात चित्र आहे पण मोजमाप नाही, दुसऱ्यात मोजमाप आहे पण रंग नाहीत. या दोन भेटींचा एकमेकींशी काही संबंध असावा, अशी शंकासुद्धा बहुतेक विद्यार्थ्यांना येत नाही.

या लेखात आम्ही या दोन्ही पाठांचे परीक्षण करणार आहोत. पाठ चुकीचे आहेत असे आम्हांला म्हणायचे नाही. त्यांतले जवळजवळ प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर बरोबरच आहे. आमची तक्रार वेगळी आहे. हे दोन पाठ मुळात एकाच प्रयोगाचे दोन भाग होते. तो प्रयोग मधोमध कापला गेला आणि कापताना त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट खाली पडली. ती कोणती, हे पाहण्यासाठी आधी चित्राकडे वळू.

चित्रात काय खटकते?

प्रिझमचे चित्र कोणीही डोळे मिटून काढू शकेल इतके ते परिचित आहे. डावीकडून एक रेघ येते, उजवीकडे सात रेघा पंख्यासारख्या पसरतात. सात पट्टे सारख्या रुंदीचे, एकमेकांपासून स्पष्ट सीमारेषांनी वेगळे. बाजूला ‘तानापिहिनिपाजा’. पाठांतरासाठी हा शब्द फार सोयीचा आहे, पण खरी वर्णपंक्ती पाहणाऱ्या मुलाला सीमारेषा कोठेच दिसत नाहीत. एक रंग दुसऱ्यात विरघळत जातो. निळा आणि जांभळा यांच्यामधला ‘पारवा’ तर बहुतेकांना वेगळा ओळखताच येत नाही. १६७२ साली न्यूटनने हा विषय प्रथम मांडला तेव्हा त्याने तांबडा, पिवळा, हिरवा, निळा आणि जांभळा हे पाच रंग मुख्य म्हणून सांगितले. नारिंगी आणि पारवा त्यांच्या जोडीला घेतले आणि मधल्या छटा अगणित आहेत असेही म्हटले. सात हा आकडा पुढे ‘ऑप्टिक्स’ या १७०४ च्या ग्रंथात पक्का झाला, आणि त्यामागे संगीतातील सप्तकाशी साम्य जुळवण्याची ओढ होती. म्हणून वर्गात एखादा विद्यार्थी “मला पाचच दिसतात” किंवा “मला मोजताच येत नाहीत” असे म्हणाला, तर त्याचे निरीक्षण खरे मानावे. पुस्तकात सात आहेत म्हणून त्याला सात दिसले पाहिजेत, हा विज्ञानाचा आग्रह नव्हे.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे किरण बाहेर पडताक्षणी रंग सुटे झालेले दाखवतात. प्रिझमला लागूनच कागद धरून पाहावे. प्रकाशाचा झोत रुंद असेल तर कागदावर मधोमध पांढरा पट्टाच दिसतो. रंग फक्त दोन कडांना असतात: एका कडेला तांबडा-पिवळा, दुसऱ्या कडेला निळा-जांभळा. जर्मन कवी गटे याने १७९० च्या सुमारास प्रिझम डोळ्याला लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले. भिंत रंगीबेरंगी दिसेल अशी त्याची अपेक्षा होती, पण भिंत पांढरीच राहिली आणि रंग फक्त काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर उमटले. न्यूटन चुकला असे त्याने तेथल्या तेथे ठरवले आणि पुढे १८१० मध्ये रंगांवर मोठा ग्रंथ लिहून न्यूटनला विरोध केला. गटेचा निष्कर्ष टिकला नाही, पण त्याचे निरीक्षण शंभर टक्के खरे होते. रुंद पांढरा पृष्ठभाग म्हणजे एकमेकांना लागून असलेल्या असंख्य बारीक फटी. प्रत्येक फटीची वर्णपंक्ती शेजारच्या वर्णपंक्तीवर पडते, मधल्या भागात सर्व रंग पुन्हा एकत्र येतात आणि पांढरा रंग परत मिळतो. कडांना मात्र शेजारी नसतो, म्हणून तेथे रंग उरतात.

मुलाच्या हाती प्रिझम दिला की ते पहिल्यांदा हेच करते: प्रिझम डोळ्याला लावते आणि भिंतीकडे, खिडकीकडे पाहते. म्हणजे न्यूटनच्या आधी ते गटेचा प्रयोग करते. आपल्या पाठात या अनुभवाला उत्तर नाही. मुलाला मनात शंका ठेवून पुस्तकातले चित्र मान्य करावे लागते.

तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत कमी लक्षात येणारा. चित्रात सूर्यप्रकाश म्हणजे एक रेघ असते. रेघेला जाडी नसते आणि ती पसरत नाही. पण आकाशातला सूर्य बिंदू नाही. त्याच्या बिंबाचा व्यास आपल्या डोळ्यांशी सुमारे अर्ध्या अंशाचा कोन करतो. भोकातून आत येणारा झोत म्हणूनच पुढे अर्ध्या अंशाने पसरत जातो. प्रिझम न ठेवता समोरच्या भिंतीवर गोल कवडसा पडतो, तो यामुळेच. हे ध्यानात घेतले तरच पुढचा प्रश्न उभा राहतो: प्रिझम ठेवल्यावर कवडशाचा आकार काय व्हायला हवा? चित्रात हा प्रश्नच पुसला गेला आहे.

न्यूटनचा प्रश्न रंगांचा नव्हता

पाठ्यपुस्तक वाचून असा समज होतो की प्रिझममधून रंग निघतात, हे न्यूटनने शोधले. ते आधीपासून माहीत होते. काचेच्या कोनदार तुकड्यांतून रंग दिसतात हे अनेकांनी पाहिले होते आणि त्यावर लिहिलेही होते. ६ फेब्रुवारी १६७२ या तारखेचे जे पत्र न्यूटनने लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव ओल्डनबर्ग यांना पाठवले आणि जे सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले, त्यात त्याला चकित करणारी गोष्ट रंग ही नाही, आकार ही आहे. अपवर्तनाच्या नियमांप्रमाणे कवडसा गोल पडायला हवा होता, आणि तो पडला लांबुळका. लांबी रुंदीच्या जवळजवळ पाचपट.

या पत्रातले आकडे आम्ही मुद्दाम येथे देत आहोत, कारण ते नववी-दहावीच्या गणिताने तपासता येतात. भोकाचा व्यास पाव इंच. भिंत २२ फुटांवर. कवडशाची लांबी १३ १/४ इंच, रुंदी २ ५/८ इंच. प्रिझमचा कोन ६३ अंश १२ मिनिटे. वर्णपंक्तीच्या मध्याकडे जाणाऱ्या किरणाचे विचलन ४४ अंश ५६ मिनिटे.

आधी रुंदी पाहू. सूर्याचा कोनीय व्यास न्यूटनने ३१ मिनिटे धरला. २२ फूट म्हणजे २६४ इंच. एवढ्या अंतरावर ३१ मिनिटांचा कोन सुमारे २.३८ इंच व्यापतो. त्यात भोकाचा पाव इंच मिळवला की २.६३ इंच होतात. न्यूटनने मोजलेली रुंदी २ ५/८, म्हणजे २.६२५ इंच. हिशेब तंतोतंत जमला. रुंदीच्या दिशेने प्रिझमने काहीही केलेले नाही. सूर्य जसा होता तसाच भिंतीवर पडला आहे.

आता लांबी. १३ १/४ इंचांतून भोकाचा पाव इंच वजा केला की १३ इंच उरतात. २६४ इंचांवर १३ इंच म्हणजे २ अंश ४९ मिनिटे. अपेक्षा ३१ मिनिटांची, आणि दिसतात २ अंश ४९ मिनिटे. हा फरक मोजमापाच्या चुकीत बसवता येण्यासारखा नाही.

परंतु लांबीही ३१ मिनिटांचीच असायला हवी, अशी अपेक्षा कशावरून? येथे दुसरा पाठ, म्हणजे अपवर्तनांक काढण्याचा पाठ, आत येतो. न्यूटनने प्रिझम अशा रीतीने ठेवला होता की आत शिरणारा आणि बाहेर पडणारा किरण प्रिझमच्या दोन्ही पृष्ठभागांशी सारखेच कलते होते. आज आपण ज्याला किमान विचलनाची स्थिती म्हणतो ती हीच. या स्थितीत आपतन कोन म्हणजे प्रिझमचा कोन आणि विचलन कोन यांच्या बेरजेचा निम्मा. ६३ अंश १२ मिनिटे अधिक ४४ अंश ५६ मिनिटे, त्याचे निम्मे ५४ अंश ४ मिनिटे. काचेच्या आतला अपवर्तन कोन म्हणजे प्रिझमच्या कोनाचा निम्मा, ३१ अंश ३६ मिनिटे. दोन्हींच्या साइनचे गुणोत्तर ०.८०९७ भागिले ०.५२४०, म्हणजे सुमारे १.५४५. न्यूटनने हे गुणोत्तर ३१ : २० असे दिले आहे, म्हणजे १.५५.

प्रयोगवहीतले सूत्र ते हेच. पण न्यूटनचे काम हा आकडा काढून संपले नाही. तेथून ते सुरू झाले. या अपवर्तनांकाने त्याने सूर्यबिंबाच्या दोन विरुद्ध कडांवरून येणारे, एकमेकांशी ३१ मिनिटांचा कोन करणारे दोन किरण घेतले आणि ते प्रिझममधून बाहेर पडताना किती कोन करतील याचा हिशेब केला. उत्तर आले: सुमारे ३१ मिनिटेच. म्हणजे एकच अपवर्तनांक खरा असेल तर कवडसा गोल पडला पाहिजे. तो गोल पडत नाही. म्हणून सर्व किरणांना एकच अपवर्तनांक लागू नाही.

आमच्या मते प्रिझमच्या पाठाचा गाभा या चार वाक्यांत आहे, आणि नेमका तोच आपल्या दोन्ही पाठांत सापडत नाही. अपवर्तनांकाचा हिशेब नसता तर लांबुळक्या कवडशाचे नवल वाटले नसते. लांबुळका कवडसा नसता तर अपवर्तनांक रंगागणिक वेगळा असतो हे कळले नसते. चित्र आणि आकडा एकमेकांशिवाय मुके आहेत.

किमान विचलन कशासाठी?

उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्याला किमान विचलनाची स्थितीच का घ्यायची असे विचारले, तर बहुधा “सूत्र सोपे होते म्हणून” असे उत्तर येते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. खरे कारण दिसण्यासाठी ६० अंशांचा प्रिझम आणि १.५ अपवर्तनांक धरून काही विचलने काढून पाहावीत. आपतन कोन ३५ अंश असता विचलन ४१.० अंश येते. ४० ला ३८.५, ४५ ला ३७.४, ५० ला ३७.२, ५५ ला ३७.७, ६० ला ३८.९.

४५ ते ५५ या दहा अंशांच्या पट्ट्यात आपतन कोन कितीही बदलला, तरी विचलन जेमतेम अर्ध्या अंशाने हलते. आलेखाचा तळ सपाट आहे. या जागी प्रिझम थोडा इकडेतिकडे फिरला तरी बाहेरच्या किरणाला त्याचा पत्ता लागत नाही. न्यूटनने नेमके हेच करून पाहिले. आपल्या हिशेबात काही गफलत असेल अशी शंका घेऊन त्याने प्रिझम त्याच्या अक्षाभोवती चार-पाच अंशांहून अधिक पुढेमागे फिरवला, आणि भिंतीवरचे रंग आपल्या जागेवरून लक्षात येण्याइतके हलले नाहीत. चार-पाच अंशांनी जे हलत नाही, ते सूर्यबिंबाच्या अर्ध्या अंशाने अडीच-पावणेतीन अंश कसे पसरेल? सूर्याच्या रुंदीवर लांबीचा दोष घालता येत नाही, हे सिद्ध करण्यासाठी त्याला ही सपाट जागाच हवी होती.

वर्गात हे दाखवायला सूत्राची गरज नाही. प्रिझम हळूहळू फिरवावा आणि भिंतीवरच्या रंगांकडे पाहावे. पट्टा एका दिशेने सरकतो, क्षणभर थांबतो आणि प्रिझम त्याच दिशेने फिरत असतानाच मागे येऊ लागतो. तो जेथे थांबतो ती किमान विचलनाची जागा. हा थांबा एकदा डोळ्यांनी पाहिला की आलेखाचा सपाट तळ म्हणजे काय ते वेगळे समजावावे लागत नाही.

प्रयोगवहीतले तक्ते

आता टाचण्यांच्या प्रयोगाकडे येऊ. प्रयोग स्वस्त आहे, सुटसुटीत आहे आणि प्रत्येकाला स्वतः करता येतो. हे त्याचे गुण आम्ही कमी लेखत नाही. परंतु तो ज्या रीतीने तपासला जातो त्यामुळे विद्यार्थी त्यातून भलतेच शिकतो. गुण उत्तराला असतात. उत्तर १.५ च्या जवळ हवे हे सर्वांना ठाऊक असते. मग काही विद्यार्थी शेवटून सुरुवात करतात: आधी अपवर्तनांक, त्यावरून किमान विचलन, त्यावरून आलेख आणि सर्वांत शेवटी ‘निरीक्षणे’. याला मुले ‘रीडिंग जुळवणे’ म्हणतात आणि त्यात त्यांना काही गैर वाटेनासे होते. विज्ञानाच्या तासाला खोटे लिहिण्याची सवय लागावी, याहून मोठे नुकसान आम्हांला सुचत नाही.

गंमत अशी की प्रिझम स्वतःच ही लबाडी उघडी पाडतो. ६० अंशांच्या, १.५ अपवर्तनांकाच्या प्रिझममध्ये आपतन कोन सुमारे २८ अंशांपेक्षा कमी असेल तर किरण दुसऱ्या पृष्ठभागातून बाहेर पडतच नाही. त्याचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते. म्हणून ज्या तक्त्यात २५ अंशांपुढे एक नीटनेटके विचलन लिहिलेले आहे, ते रीडिंग कोणी घेतलेले नाही. दुसरी खूण आलेखाच्या आकाराची. बनवलेला आलेख बहुधा दोन्ही बाजूंना सारखा चढतो. खरा आलेख तसा नसतो. वरचे आकडे पाहा: तळापासून डावीकडे ३५ अंशांपर्यंत आलो की विचलन ४१ पर्यंत चढते, उजवीकडे तेवढेच अंतर गेलो तर ३९ चाच जवळपास राहते. डावी बाजू उभी, उजवी बाजू आडवी.

शिक्षकांनी या खुणा पोलिसी तपासासाठी वापराव्यात असे आम्हांला वाटत नाही. उलट त्या आधीच सांगून टाकाव्यात आणि विद्यार्थ्यांनाच विचारावे: २५ अंशांना टाचणी का दिसत नाही? आलेख एकांगी का? ‘न मिळालेले’ रीडिंग हेसुद्धा एक रीडिंग असते, हे त्यातून कळेल.

आणखी एक त्रुटी अचूकतेची. वहीत कित्येकदा १.५१२४ असा चार दशांश स्थळांचा अपवर्तनांक आढळतो. कंपासपेटीतल्या कोनमापकावर अर्ध्या-एक अंशाच्या पलीकडे वाचता येत नाही. विचलनात एका अंशाची चूक झाली की अपवर्तनांक सुमारे ०.०१२ ने बदलतो. प्रिझमचा कोन मोजायचा राहिला आणि तो ६० ऐवजी ५९ निघाला, तर जवळजवळ तेवढाच फरक उलट दिशेने पडतो. म्हणजे दुसऱ्या दशांश स्थळावरच आकडा डळमळू लागतो. तिसरे आणि चौथे स्थळ ही गणकयंत्राची देणगी आहे, प्रिझमची नव्हे. ‘१.५१, एक-दोन शतांश इकडेतिकडे’ असे लिहिणारा विद्यार्थी १.५१२४ लिहिणाऱ्यापेक्षा अधिक जाणतो, आणि गुणही त्यालाच अधिक मिळाले पाहिजेत. स्पेक्ट्रोमीटर वापरला तर गोष्ट निराळी. तेथे एका मिनिटाची चूक अपवर्तनांकात सुमारे ०.०००२ इतकाच फरक पाडते, म्हणून तिसरे दशांश स्थळ विश्वासाने लिहिता येते.

प्रिझमच्या ठरावीक मोजमापातही डोळे उघडे ठेवणाऱ्याला काय सापडू शकते, याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत असताना चंद्रशेखर व्यंकट रामन साध्या स्पेक्ट्रोमीटरवर प्रिझमचा कोन मोजत होते. प्रिझमच्या पृष्ठभागावर अगदी तिरपा प्रकाश पडल्यावर त्यांना विवर्तनाचे पट्टे दिसले, आणि ते दोन बाजूंना सारखे नव्हते. मोजायच्या कोनाशी त्यांचा संबंध नव्हता, ‘रीडिंग’मध्ये त्यांना जागा नव्हती. रामन यांनी त्यांचाच पाठपुरावा केला आणि १९०६ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांचा त्यावरील निबंध लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये छापून आला. उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखा प्रयोग करणाऱ्याला ते पट्टे दिसले नसते.

कोणत्या रंगाचा अपवर्तनांक?

आता ‘काचेचा अपवर्तनांक = १.५’ या ओळीकडे पुन्हा पाहू. तिच्यात दोन शब्द कमी आहेत: कोणती काच आणि कोणता रंग. टाचणी प्रिझममधून पाहिली तर तिच्या कडांना रंग दिसतात. विद्यार्थी कोणत्या कडेच्या रेषेत दुसरी टाचणी लावतो? पुस्तक याबद्दल गप्प आहे. डोळ्यापुढे तांबडा आणि मग निळा जिलेटिन कागद धरून हाच प्रयोग दोनदा करता येतो. साध्या काचेत वर्णपंक्तीच्या दोन टोकांच्या अपवर्तनांकांत दोनएक शतांशांचाच फरक असतो. तो कोनमापकाच्या चुकीएवढाच आहे, म्हणून टाचण्यांनी तो नक्की पकडता येईलच असे नाही. पण प्रश्न तर पडेल.

न्यूटनने ‘ऑप्टिक्स’मध्ये आपल्या काचेसाठी साइनची गुणोत्तरे तांबड्या टोकाला ७७ : ५० आणि जांभळ्या टोकाला ७८ : ५० अशी दिली. म्हणजे १.५४ आणि १.५६. रंगागणिक अपवर्तनांक सांगणारा हा आकडा आपल्या प्रयोगवहीतील एकाकी १.५ पेक्षा पुष्कळ अधिक सांगतो.

मात्र न्यूटनच्या बाबतीतही आंधळी भक्ती नको. १६७६ मध्ये लिएज येथील जेझुइट अध्यापक अँथनी लूकस याने कळवले की त्याच्या प्रिझमने पाडलेली वर्णपंक्ती रुंदीच्या तीन किंवा फार तर साडेतीन पटच लांब येते, पाचपट नाही. न्यूटनने ही तक्रार मनावर घेतली नाही. लूकसच्या प्रयोगातच काही उणीव असणार असे त्याने मानले. वास्तविक वेगवेगळ्या काचा प्रकाशाला सारख्याच वळवत असूनही रंग मात्र कमीअधिक पसरवू शकतात. आजच्या नेहमीच्या क्राउन काचेचा पिवळ्या प्रकाशासाठी अपवर्तनांक सुमारे १.५१७ असतो, आणि तांबड्या व निळ्या ठरावीक प्रकाशांसाठीच्या अपवर्तनांकांतला फरक ०.००८. फ्लिंट काचेसाठी हेच आकडे १.६२० आणि ०.०१७. अपवर्तनांक थोडाच वाढला, पण रंगांची फाकण दुपटीहून अधिक झाली.

काच बदलली तरी वळणे आणि फाकणे यांचे प्रमाण तेच राहते असे न्यूटनने धरले. त्यावरून भिंगाच्या दुर्बिणीतील रंगदोष कधीच जाणार नाही असा निष्कर्ष निघाला. तो चुकीचा होता. १७३० च्या दशकात चेस्टर मूर हॉल याने दोन प्रकारच्या काचा जोडून रंगदोष घालवणारे भिंग तयार करवले, आणि १७५८ मध्ये जॉन डोलंड याने तसे भिंग जगापुढे आणले. लूकसचा ‘न जुळणारा’ आकडा गंभीरपणे घेतला गेला असता तर हे कदाचित आधीच घडले असते. अपेक्षेशी न जुळणारे रीडिंग फेकून देण्याची किंमत न्यूटनलाही चुकली नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी.

मग वर्गात काय करावे?

टीका करून थांबणे शिक्षकांच्या उपयोगाचे नाही. तीन गोष्टी आम्ही सुचवतो. त्यांना फारसा खर्च नाही.

पहिली, वर्णपंक्ती मोजावी. खोली काळोखी करून खिडकीच्या पुठ्ठ्याला पाच-सहा मिलिमीटर व्यासाचे भोक पाडावे. ऊन थेट आत येत नसेल तर बाहेर आरसा धरावा. आधी प्रिझमशिवाय कवडसा पाहावा आणि त्याचा व्यास मोजावा. मग प्रिझम ठेवून, रंग थांबतात त्या जागी तो स्थिर करून, लांबी आणि रुंदी दोन्ही मोजाव्यात. न्यूटनचे २२ फूट म्हणजे ६.७ मीटर, वर्गाची खोली बहुधा पुरते. सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे डोळ्यांनी, आणि प्रिझममधून तर मुळीच, पाहायचे नाही हे आधी बजावावे. फक्त भिंतीकडे पाहायचे.

दुसरी, पाण्याचा प्रिझम करावा. सूक्ष्मदर्शकाच्या तीन काचपट्ट्या सिलिकॉनच्या डिंकाने त्रिकोणात चिकटवून, तळ बंद करून पोकळ प्रिझम होतो. त्यात पाणी भरले की ६० अंशांच्या प्रिझमचे किमान विचलन २३.६ अंशांच्या आसपास येते, काचेच्या ३७ ऐवजी. पाण्याऐवजी ८० ग्रॅम पाण्यात २० ग्रॅम साखर विरघळवून भरली तर ते २६ अंशांच्या आसपास जाते. हा सव्वादोन-अडीच अंशांचा फरक कोनमापकावर दिसण्याजोगा आहे. येथे अपवर्तनांक हा पाठ करण्याचा आकडा राहत नाही. तो द्रावणात साखर किती आहे ते सांगतो. द्राक्षांची गोडी किंवा उसाच्या रसाचा ब्रिक्स पाहण्यासाठी जे हातात धरण्याचे रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, ते रसाचा अपवर्तनांकच जोखतात. नाशिक, सांगली, कोल्हापूरकडच्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी हा शब्द परका नाही. याच पोकळ प्रिझममध्ये हवा ठेवून, वरून झाकून तो पाण्याच्या टाकीत बुडवला, तर किरण पायाकडे न वळता शेंड्याकडे वळतो. ‘प्रिझम किरणाला पायाकडे वळवतो’ हे वाक्य कोणत्या अटीवर खरे आहे, ते मग सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट परीक्षेची. उत्तराला दिलेले गुण कमी करून चार प्रश्नांना द्यावेत. प्रिझमचा कोन तुम्ही मोजला का? उत्तरात किती चूक संभवते? कोणत्या रंगासाठी हे उत्तर आहे? अपेक्षेप्रमाणे न आलेले एखादे रीडिंग दाखवा आणि ते तसे का आले असावे ते सांगा. चौथ्या प्रश्नाला उत्तर असण्यासाठी प्रयोग खरोखर करावा लागतो. तो घरी बसून जुळवता येत नाही.

प्रिझमच्या पाठात सात रंग राहू द्यावेत, १.५ हा आकडाही राहू द्यावा. पण गोल अपेक्षित असलेला कवडसा लांब का पडला, हा प्रश्न दोहोंच्या मध्ये पुन्हा आणून ठेवावा. तो जेथे विचारला जातो तेथे चित्र आणि आकडा आपोआप जोडले जातात, आणि रीडिंग जुळवण्यापेक्षा ते घेण्यातच अधिक मौज आहे हे विद्यार्थ्यांना कळू लागते.